वळणापलीकडचा धक्का

"जरा जड लागतंय," डॉक्टर जाकिटाचे पट्टे आवळत म्हणाला.

"जाकीट तेच आहे. पोट वाढलंय तुमचं," ती म्हणाली.

मास्तर खो खो हसले. डॉक्टरही हसला, आणि मोटारबोट किनाऱ्यापासून सुटली.

तो खरा डॉक्टर नव्हता. त्याचं औषधांचं दुकान होतं, पण मित्रांत तेच नाव पडलं होतं. बोट त्याची आणि सुकाणूवरही तोच. मात्र पोहायला येत नसल्यामुळे जाकिटाशिवाय तो बोटीत पाऊल टाकत नसे.

ती बोटींच्या ताडपत्र्या, गाद्या, जाकिटं शिवायची. महिन्यापूर्वी डॉक्टरने आपलं जाकीट चेन बदलायला टाकलं होतं. तिने चेन बदलली. मग अस्तर उसवून आतला तरंगणारा फोम काढला, चिंध्या ठासून भरल्या आणि जुन्याच भोकांतून सुई घालत शिवण पुन्हा घातली. इतकं नेटकं काम तिने कुठल्याच गिऱ्हाइकासाठी केलं नव्हतं.

दोन वर्षांपूर्वी याच बोटीतून तिचा नवरा नदीत पडला होता. पुढच्या मोठ्या वळणावर, भोवऱ्याजवळ. चार दिवस जाळी ओढली, हाती काही लागलं नाही. तो, डॉक्टर आणि मास्तर, तिघे शाळेपासूनचे मित्र, दर उन्हाळ्याला असे फिरायला निघायचे. त्या दिवशी मास्तर पुढे बसले होते. गेल्या हिवाळ्यात बोलता बोलता त्यांच्या तोंडून निसटलं, "मी ओरडत होतो, वळव, वळव म्हणून. हा सुकाणू धरून नुसता बसून राहिला."

ते वाक्य ती रोज मशीनवर बसून चावत राहिली. डॉक्टर दर महिन्याला यायचा. छत गळलं तर माणूस पाठवायचा. पण कधी नजरेला नजर द्यायचा नाही. "वहिनी, काही लागलं तर सांगा," एवढं बोलून निघायचा. आणि या वर्षी त्याने विचारलं, "येता का आमच्याबरोबर बोटीतून?" तिने लगेच हो म्हटलं, पुन्हा विचारायची वेळच येऊ दिली नाही.

पहिला थांबा वाळूच्या बेटावर घेतला. पाव, उकडलेली अंडी, काकड्या बाहेर निघाल्या. मास्तर विजार गुडघ्यापर्यंत दुमडून ऐटीत पाण्यात उतरले आणि तिसऱ्याच पावलाला मटकन खाली बसले. ती पोट धरून हसली. हसून झाल्यावर तिला स्वतःचाच राग आला.

दुसरा थांबा नदीकाठच्या फळबागेत. डॉक्टरने झाडाखाली फिरून एक पिकलेलं पेअर निवडलं, रुमालाने पुसून तिच्यापुढे धरलं.

"ह्यांना फार आवडायचं," ती त्याच्या चेहऱ्याकडे बघत म्हणाली.

त्याने मान वळवली. मग म्हणाला, "वहिनी, वळणापलीकडे एक धक्का आहे. तिथे उतरू. तुम्हाला काहीतरी दाखवायचंय."

"काय?"

"आधी सांगितलं तर तुम्ही उतरणारच नाही."

"मला तरी सांग की लेका," मास्तर म्हणाले.

"तुलाही तिथेच."

तिला वाटलं, नवऱ्याच्या नावाचा दगड बसवला असेल. त्यापुढे चार टिपं गाळून याला मोकळं व्हायचं असेल. ते समाधान ती त्याला मिळू देणार नव्हती.

वळणाच्या अलीकडे पाणी काळं आणि संथ दिसत होतं. तिथेच पंख्यात पाणगवत अडकलं आणि इंजिन गुरगुरून बंद पडलं. मास्तर पुढे तोंडावर टोपी घेऊन घोरत होते. डॉक्टर मागे जाऊन वाकला आणि गवत ओढून काढू लागला. पंखा मोकळा होत आला तशी ती उठून त्याच्या पाठीशी उभी राहिली.

"त्या दिवशी मी फार मोठी चूक केली, वहिनी," तो मागे न बघता म्हणाला.

"माहीत आहे मला," ती म्हणाली, आणि दोन्ही तळवे टेकवून तिने त्याला ढकललं.

तो एकदाच वर आला. जाकिटाला घट्ट धरून होता. मग त्याने तिच्याकडे पाहिलं, नीट नजरेला नजर देऊन. चिंध्या भिजल्या आणि त्याला खाली घेऊन गेल्या.

"काय झालं? काय पडलं?" मास्तर धडपडत उठले.

"तोल गेला त्यांचा."

"अगं मग वळव! वळव लवकर!"

ती सुकाणू धरून बसली. मास्तर ओरडत राहिले. मनाजोगता वेळ गेल्यावर तिने चावी फिरवली.

त्यांनी पाच-सहा घिरट्या घातल्या. पाण्यावर पाणगवताचे तुकडे होते, बाकी काही नाही. मास्तर लहान मुलासारखे रडत होते. तिचा श्वास मात्र दोन वर्षांत पहिल्यांदाच पोटापर्यंत खोल गेला.

"त्या धक्क्यावर चल," मास्तर कसेबसे म्हणाले. "माणसं असतील. कुणीतरी मदतीला येईल."

वळण संपताच धक्का दिसला. वरच्या अंगाला एक लहानसं घर, दोरीवर वाळत घातलेले लहान मुलाचे कपडे. दारात एक बाई कडेवर मूल घेऊन उभी होती.

"अहो, कुणी आहे का? धावा! धावा हो!" मास्तर उभे राहून हाका मारू लागले.

घरामागून एक माणूस पळत आला आणि गुडघाभर पाण्यात उतरला. तिने मान खाली घालूनच दोर फेकला. आता रडायला हवं, असं तिच्या मनात आलं आणि तिने पदर तोंडाशी नेला.

मास्तरांची हाक मध्येच तुटली.

दोर ओढला गेला, बोट धक्क्याला लागली. ती वर बघेना, तेव्हा तो माणूसच बोलला.

"शेवटी आणलंच म्हणायचं त्याने तुला," तिचा नवरा म्हणाला. "कुठाय तो?"