बिनआवाजाचा फिल्टर

घाटात धापा टाकणाऱ्या गाडीसाठी दुकानदारानं काउंटरवर दोन वस्तू मांडल्या: धुवून पुन्हा वापरायचा एअर फिल्टर आणि इंजिनाला जास्त हवा देणारा लांब पाइप.

"काका, पाइप लावा. थोडा महाग, पण गाडी वाघासारखी गुरगुरेल."

दिगंबरराव दमले होते. डायलिसिसहून परतताना पत्नीचा गाडीत डोळा लागे. तिची तेवढीच झोप. "आवाज नको. फिल्टरच द्या."

"पाइप घ्या की," दारात उभ्या गाडीतून वसुधाताई म्हणाल्या. "मी कुठं झोपते? तुम्ही बोलत नाही, म्हणून डोळे मिटते."

दिगंबररावांनी मान खाली घातली, पण फिल्टरच बसवून घेतला.

घाट लागला. दिगंबरराव घसा खाकरून म्हणाले, "गाडी आज चढ बरा घेतेय, नाही?"

"हं," त्यांच्याकडे बघत वसुधाताई म्हणाल्या, "पुढं?"