नुसता फ्रिज

"पाच वाजेपर्यंत शाळेत रेकॉर्डिंगची फाईल पोचायला हवी," नात घोगऱ्या आवाजात म्हणाली. "आणि ऐका ना आजोबा, माझ्या गोष्टीत फ्रिज कसा घुमतोय!"

आजोबांनी हेडफोन कानाला लावला. गोष्ट तिने सुरेख वाचली होती, पण एका दमात. पहिल्या शब्दापासून शेवटच्या शब्दापर्यंत फ्रिज तिला सोबत करत होता. पुन्हा वाचायची सोय नव्हती. सकाळपासून "गप्प बसा ना सगळे!" असं ओरडून तिचा घसा बसला होता.

"घाबरू नकोस. ही साधी वजाबाकी आहे," आजोबा म्हणाले. चाळीस वर्षं त्यांनी गणित शिकवलं होतं. "आता आहे तुझा आवाज अधिक घुमणं. त्यातून घुमणं वजा करायचं. पण यातला फ्रिज कोण आणि तू कोण, हे कॉम्प्युटरला कसं कळणार? म्हणून त्याला आधी नुसता फ्रिज ऐकवायचा. दहा सेकंद पुरे."

"मध्येच कोणी बोललं तर?"

"तर तो त्या माणसालाही फ्रिज समजेल. आणि फ्रिज काढता काढता तुझाही आवाज कुरतडेल."

सगळ्यांना बजावून झालं. नातीने बटण दाबलं.

चौथ्या सेकंदाला आई म्हणाली, "श्वास घेतलेला चालतो ना गं?"

दुसऱ्या खेपेला बाबा आईला म्हणाले, "आता तू बोलू नकोस हं."

तिसऱ्या खेपेला आजीसुद्धा चक्क नऊ सेकंद गप्प राहिली. आजोबांना राहवलं नाही. "शाबास!" ते म्हणाले.

साडेचार वाजले. चूक कोणाची, यावर चौघेही एकदम बोलू लागले. नातीचे डोळे भरून आले. तिने नाक पुसलं आणि बटणावर बोट ठेवलं.

"आत्याआजीचा तीनदा फोन येऊन गेलाय," ती म्हणाली. "मागच्या वेळी आई दोन तास अडकली होती. आज उलट फोन कोण करणार?"

आणि तिने बटण दाबलं.

आई नखं न्याहाळू लागली. बाबा छताकडे बघू लागले. आजीने डोळे मिटून घेतले. सख्ख्या बहिणीचा विषय असूनही आजोबांनी चष्मा पुसायला काढला.

फ्रिज घुमत राहिला. नात बोटांवर मोजत होती. आठ, नऊ, दहा.

"मिळालं!" ती ओरडली. "आता बोला सगळे."

कोणीच बोललं नाही.