ओठांवरचं फ्रेंच

तिसरीच्या वर्गात फ्रेंचचा आज शेवटचा तास होता. देवस्थळीबाई म्हणाल्या, "बोंझूर." जन्मतःच कानात अनुवादक यंत्र बसवलेल्या मुलांना नेहमीसारखं "नमस्कार" ऐकू आलं.

"बाई, हे तर मराठीच आहे!" मुलं हसली.

शर्वाणी मात्र हसली नाही. "बाई, तुमचे ओठ वेगळंच काहीतरी बोलतात," म्हणत ती जवळ आली. बाईंच्या ओठांकडे एकटक बघत तिने आपले ओठ अगदी तसेच हलवले आणि मोठ्याने म्हणाली, "बोंझूर."

बाईंच्या पिढीच्या कानांत यंत्र नव्हतं. कितीतरी वर्षांनी एका मुलीच्या तोंडून तो शब्द त्यांना लख्ख ऐकू आला.

"जमलं गं तुला!" बाईंनी तिचे दोन्ही हात धरले.

शर्वाणीचा चेहरा पडला. "खोटं कशाला बोलता, बाई? मी तर नमस्कारच म्हणाले, माझ्याच कानांनी ऐकलं."