अचूक

नारायणगावातल्या एका दुकानात संस्कृती गाड्यांना ट्रॅकर बसवायचं काम करायची. आज नवऱ्यानं तिचीच स्कूटी दुकानापुढं आणून लावली.

"गाडी कुठं जाते ते मोबाईलवर दिसतंय. आता पेट्रोल किती जळतं तेबी दिसलं पायजे," असं सांगून तो निघून गेला.

टाकी रिकामी करून संस्कृतीनं आत पेट्रोल मोजणारा सेन्सर बसवला. मग ती अर्धा अर्धा लिटर पेट्रोल ओतू लागली आणि दर वेळी सेन्सरचा आकडा जुळवू लागली. सोबत काम करणारी चेतना हळूच म्हणाली, "कशाला एवढं नीट बसवतीस? बिघडलं म्हणून सांग की."

"मागं ट्रॅकर बिघडला, तवा ह्यांनी मला घरातच बसवलं. तो नीट चालतो, म्हणून तर कामाला येऊ देत्यात."