बॉल अँड चेन

पराठ्यांचा डबा तिनं बाहेर येऊन सॅकमध्ये ठेवला, तेव्हा ट्रेकचे बूट चढवत नवरा मित्राला सांगत होता, “उशीर होणारच रे. शी इज माय बॉल अँड चेन.”

मित्र हसला. इंग्रजी वाक्प्रचारांचा गृहपाठ करणाऱ्या जुईनं विचारलं, “बाबा, म्हणजे काय?”

“म्हणजे आई माझी फार लाडकी.”

जुई खुशीत लिहू लागली.

असले टोमणे आजवर आईनं न कळल्यासारखे गिळले होते. पण लेकीनं हे प्रेम म्हणून शिकायचं? पेन्सिल धरलेला इवला हात तिनं थांबवला.

“खोड ते, पिल्लू. कैद्यानं पळू नये म्हणून पायात अडकवतात तो लोखंडी गोळा. बाबा मला तसं म्हणाला.”

जुईनं बाबाच्या बुटांकडे पाहिलं. “पण दर रविवारी बाहेर तर तूच जातोस.”

आईनं सॅकमधून डबा काढून घेतला.