राउंडपुरतं इंजेक्शन

आमच्या ह्यांच्या मणक्यात पू झाला होता. कूस बदलायची म्हटलं तरी जीव जायचा, उशीचं टोक दातांत धरून पडायचे. दुखण्याचं इंजेक्शन दिवसाला एकच लिहिलेलं, आणि सिस्टर ते मोठ्या डॉक्टरांच्या राउंडच्या जरा आधी टोचायच्या, म्हणजे वॉर्ड शांत दिसतो.

डॉक्टर यायचे तोवर ह्यांचा डोळा लागलेला असायचा. "छान झोपलेत की. दुखत नाहीये, डोस वाढवायचं काही कारण नाही," असं मागच्या शिकाऊ डॉक्टरांना सांगायचे. मी तोंड उघडलं की, "ताई, मला समोर दिसतंय ना." आणि ह्यांना बोटसुद्धा न लावता, हाताला सॅनिटायझर चोळत पुढच्या खाटेकडे. त्या वासाची मला अजून शिसारी येते.

शेवटी मी सिस्टरना हात जोडले. "आज एक दिवस राउंड झाल्यावर द्या. डॉक्टरांना एकदा बघू तर द्या." ह्यांनीही मान हलवली.

त्या दिवशी डॉक्टर आले तेव्हा हे गुरासारखे ओरडत होते. मला ऐकवत नव्हतं, तरी मनातल्या मनात म्हणत होते, ओरडा, अजून ओरडा. डॉक्टर पहिल्यांदाच आमच्या खाटेपाशी थांबले. कपाळाला आठ्या घालून सिस्टरकडे वळले.

"काय हे, सिस्टर. राउंडच्या आधी देत चला ना ह्यांना इंजेक्शन."