पुढचा पाय

मालवाहू विमान धावपट्टीच्या मधोमध नाक घासून पडलं होतं. मागची चाकं ताठ, शेपूट आभाळात आणि तोंड जमिनीला. पोटातलं सामान उतरवून झालं होतं. आता नाकाखाली रबराच्या जाड गाद्या सरकवून त्यांत हवा भरणं चाललं होतं. नाक पुरेसं उचललं की आत गेलेला पुढचा पाय चाकासकट ओढून खाली काढायचा. पायाने भार पेलला तर विमान त्याच्याच चाकांवर ओढत न्यायचं. नाहीच पेलला तर क्रेन.

सहवैमानिक जरा लांब, उन्हात उभी होती. कॅप्टन जबाब द्यायला ऑफिसात गेले होते. तिचा जबाब उद्या होता आणि घरी जाऊन पडा, असं तिला सगळ्यांनी सांगून पाहिलं होतं. ती हलली नव्हती. बिचारीने धसका घेतलाय, असं म्हणून लोकांनी तिचा नाद सोडला.

गाद्यांपाशी मिस्त्री ओणवा होऊन हवेच्या नळ्या तपासत होता. पुढच्या पायाची दुरुस्ती कालच त्याच्या हातून झाली होती. मोठ्या साहेबांनी त्यावरून सकाळी सगळ्यांदेखत त्याची बिनपाण्याने केली. विमान उचलून झालं की ओळखपत्र जमा करा आणि घरी बसा, हेही तिथेच सुनावलं. आपल्याच हातून काहीतरी राहिलं असणार, हे मिस्त्रीला स्वतःलाच पटलं होतं. बरोबरीची माणसं कामापुरती बोलत होती आणि तेही दुसरीकडे बघत.

त्याच्या बायकोचा फोन आला तेव्हा तो बोलायला बाजूला सरकला आणि सहवैमानिकेपासून हाताच्या अंतरावर आला. ऐकायचं नसूनही तिला ऐकू आलं.

"हो, टीव्हीवर दाखवतायत तेच," तो म्हणाला. "हो गं, मीच बसवला होता तो पाय. तुम्ही जेवून घ्या."

तिने मान फिरवली. पहाटे विमान धावपट्टीला टेकल्यावर पंखांच्या झडपा मिटायच्या होत्या. झडपांच्या दांड्याऐवजी तिच्या हाताला चाकं आत घ्यायचा दांडा लागला. जुनं विमान ते, त्याने निमूट ऐकलं. पुढचा पाय आत मिटला, नाक खाली गेलं, ठिणग्या उडाल्या आणि त्या गोंधळात तिने दांडा गुपचूप पूर्ववत केला. कॅप्टनची नजर समोर होती. हात आधी चुकला, ते एकवेळ माफ. पण दांडा परत जागेवर नेताना तो अजिबात चुकला नव्हता.

विमानात सगळं टिपणारा रेकॉर्डर आहे, तो उघडला की सगळं बाहेर येणारच, मग आपण कशाला तोंड उघडा, असं ती सकाळपासून स्वतःला समजावत होती. रेकॉर्डर उघडायला महिने लागतात, हेही तिला माहीत होतं. तिची तिलाच शरम वाटत होती. म्हणून तर तिला घरी जाववत नव्हतं.

फोन खिशात टाकताना मिस्त्रीला जमिनीवर तारेचा तुकडा दिसला. तो त्याने उचलून खिशात घातला. धावपट्टीवर पडलेलं काहीही त्याला बघवत नसे. एखाद्या इंजिनाने ओढून घेतलं तर घात व्हायचा. मग त्याने थर्मासमधला चहा कागदी कपात ओतला आणि तिच्यापुढे धरला. स्वतःसाठी दुसरा कप नव्हता.

तिने कप घेतला. "काका," ती म्हणाली, "मला तुम्हाला एक..."

तेवढ्यात गाद्यांपासून मुकादमाने हाक मारली. नाक हवं तेवढं वर आलं होतं. "आलोच," असं तिला म्हणून मिस्त्री धावला आणि विमानाखाली शिरला.

पाय बाहेर येताना आधी नुसताच करकरला. मग खट् असा एकच आवाज झाला, घट्ट आणि निरोगी. मिस्त्रीने खीळ घातली. गाद्यांतली हवा हळूहळू सोडली. विमान पुढच्या पायावर टेकलं आणि टेकून राहिलं. मुकादमाने वाकून पाय वरपासून खालपर्यंत पाहिला, पुन्हा पाहिला.

"हा मोडलाच नव्हता," तो म्हणाला. "मोडलेला पाय आत असा शहाण्यासारखा जाऊन बसत नाही." मग त्याने वर, वैमानिकांच्या खिडकीकडे पाहिलं.

मिस्त्रीने त्यातलं काही ऐकलं नाही. तो फडक्याला हात पुसत थेट तिच्याकडे येत होता. डोळे भरलेले होते आणि ते लपवायचं त्याला भान नव्हतं.

"शाबूत आहे, मॅडम. एक चरासुद्धा नाही," तो म्हणाला. "म्हटलं, आधी तुम्हाला सांगावं. सकाळपासून माझ्यासाठी एकट्या तुम्हीच उभ्या होतात."

"काका, तो मी वर घेतला होता. हात चुकला माझा." ती म्हणाली. "मघाशी मी तेच सांगत होते."

शेवटचं वाक्य अगदी खरं होतं. पण आता ते तिच्या कानालाही खोटं लागलं.

मिस्त्रीच्या चेहऱ्यावरचं हसू थोडा वेळ तसंच राहिलं. त्याने वळून पायाकडे पाहिलं, मग तिच्याकडे. तो ओरडेल असं तिला वाटलं. ओरडला असता तर फार बरं झालं असतं. त्याने नुसता हात पुढे केला.

"कप द्या," तो म्हणाला. "इथे काही टाकून जायचं नसतं."